गोठ्याची भिंत

हे मी आजवर कोणापाशी बोलले न्हाई. नवऱ्यापाशी न्हाई, माहेरी न्हाई. देवापुढं दिवा लावते तेव्हा सगळ्यांचं सगळं सांगते — कोणाचे गुडघे दुखतात, कोणाची म्हैस आटली — आणि ह्या गोष्टीपाशी आले की हात जोडून उठते. आता तुला सांगायला बसले. तुलाच कामून? तुला माझं तोंड माहीत न्हाई, उद्या नळावर आपली गाठ पडायची न्हाई. एवढंच कारण. दुसरं मोठं काही न्हाई.

आधी जरा इकडचं तिकडचं सांगते. लांबण लावून राह्यली म्हणशील. लावून राह्यलेच. एकदम तोंडातून निघत न्हाई.

आमचं गाव हसनाबादच्या अलीकडं. घर अर्धं स्लॅबचं, अर्धं मातीचं. मातीचं घर ठेवायचं म्हणजे पोतेरा आला. पांढरी माती आणायची, भिजत घालायची, थोडं शेण कालवायचं, आणि चिंधी बुडवून भिंतीवर सारखा हात फिरवायचा. दिवाळीच्या आधी, महालक्ष्म्यांच्या आधी, घरात लग्न निघालं की त्याच्या आधी. हे बायांचं काम. कोणती भिंत माती धरते, कोणती धरत न्हाई, हे गडी माणसाला विचारलं तर तो आभाळाकडं बघतो.

मी लग्न होऊन आले तेव्हापासून पोतेरा करते, आणि पोतेऱ्यावर चित्रं काढायचा मला भारी नाद. गेरू, कोळसा, हळद, नीळ — एवढ्यात काय होत न्हाई? नागपंचमीला गावातले निम्मे नागोबा माझ्या हातचे. लग्नघरी दारावर हत्ती, मोर, कलश काढायचे तर मलाच बोलावणं. "कमलला बोलवा." हे कानावर आलं की मी पदर खोचून निघालेच. पैसे कोणी देत नसे. चहा मिळायचा, लई झालं तर ब्लाऊजपीस. पण नाव होतं. दहावीच्या पुढं शिकले न्हाई, माहेर गरीब, पहिली काही वर्षं मूल न्हाई म्हणून ज्यानं त्यानं बोलून घेतलेलं — ते सगळं त्या एका "कमलला बोलवा"मध्ये झाकून जायचं.

हे सांगून मी सबब काढून राह्यले का? काढत असंल. सोडून दे ते.

मंग सुवर्णा आली. माझी धाकटी जाऊ. माहेर वाटूरचं, वडील नोकरीवाले, घर सगळं सिमेंटचं. शाळेत चित्रकला शिकवायचा कोर्स असतो, तो करत होती. पहिलं वर्ष झालं आणि लग्न लागलं, दुसरं राहून गेलं. मला पहिल्या दिवसापासून "अक्का" म्हणायची, आणि अगं-तुगं करायची, सख्ख्या बहिणीला करावं तसं. मला ते आवडायचं. आवडायचं म्हणूनच पुढचं सगळं सांगायला जड जातं.

आली त्याच साली तिनं चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं एक खंड्या काढला. हातात दुसरं काही नव्हतं म्हणून, भाकरी होईस्तोवर. नदीवर काठीवर बसतो ना, मान आत ओढून, तसाच. आमचे सासरे जेवायला आले, पाटावर बसता बसता थांबले आणि म्हणले, "माझा चष्मा आणा." चष्मा लावून त्यांनी तो खंड्या पाहिला. जेवण झाल्यावर खुर्ची आत ओढली, त्याच्यापुढं बसले, चहा तिथंच घेतला.

ह्या घरात मी किती हत्ती काढले, किती मोर काढले. सासऱ्यांनी कधी चष्मा मागितला? एकदा तरी? मी चहा नेऊन दिला आणि त्यात साखर टाकायची राहिली. मुद्दाम न्हाई. त्या दिवशी तरी मुद्दाम न्हाई.

तिथून माझ्या पोटात जे सुरू झालं त्याला मी बरेच दिवस नावच दिलं न्हाई. पित्त म्हणायची. हळूहळू लोक दारात येऊन "सुवर्णा आहे का घरात?" असं विचारायला लागले. आणि ती काय करायची? "अक्काला बोलवा, हत्ती अक्काचेच चांगले," म्हणायची. मला हाताला धरून घेऊन जायची. मी हत्ती काढायचे, ती बाजूला एक कोपरा रंगवायची, आणि बाया येऊन त्या कोपऱ्यापाशी उभ्या राहायच्या. ती वाईट असती, तोऱ्यात असती, तर किती सोपं झालं असतं. मी उघड भांडले असते, चूल वेगळी मागितली असती. चांगल्या माणसावर जळायचं म्हणजे कोणाला सांगताही येत न्हाई. रात्रंदिवस जळायचं आणि वर "सुवर्णा, दोन घास जास्त खा," म्हणायचं.

मंग तो उत्सव आला.

त्या वर्षांत आमच्याकडं पावसाचं काही खरं राह्यलं नव्हतं. एका साली टँकर, दुसऱ्या साली गहू उभा असताना गारा. शाळेच्या मॅडम आणि आमचा बायांचा गट, दोघांनी मिळून ठरवलं की सभा, भाषणं लई झाली, ह्यावर गावानं एक उत्सव करायचा. माती-पाण्याचा उत्सव. फ्लेक्स लावायचा न्हाई, प्लास्टिक आणायचं न्हाई, दुकानातला रंग घ्यायचा न्हाई. जुन्या लुगड्यांच्या पताका. पोरांनी कागदाच्या लगद्याचे मुखवटे केले, बायांनी टँकरवर गाणी जुळवली. आणि घराघराच्या भिंती पोतेरून त्यावर चित्रं — आपल्या शेतात काय बदललं ते. चित्राखाली त्या घरानं काय ठरवलं ते गेरूनं लिहायचं. कोणी लिहिलं, आम्ही कापसाची पऱ्हाटी जाळणार न्हाई. कोणी लिहिलं, दारात शोषखड्डा घेऊ. आमच्या सासऱ्यांनी सांगितलं, बांधावर झाडं लावू असं लिहा.

मॅडमनी चित्रकलेच्या एका सरांना संभाजीनगरहून बोलावल्तं. सुवर्णा ज्या कोर्सला होती, तसाच कोर्स ते शिकवायचे. तिच्या नवऱ्यानं, म्हणजे माझ्या दिरानं, घरात विषय काढला — तिचं एक वर्ष राह्यलंय, करू द्यायचं का? सासरे ओट्यावर बसून म्हणले, "ते सर येऊ द्या. त्यांनी पोरीचं काम बघून सांगितलं की शिकवा, तर आपून शिकवू." सुवर्णा आत कणीक मळत होती. तिचे हात तिथंच थांबले. मी बाजूलाच होते. ती माझ्याकडं बघून हसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही हसले.

आमच्या घराला दोन भिंती मिळाल्या. एक घराची मागची, पाराकडं तोंड असलेली, मध्यम. दुसरी गोठ्याची. ही चांगली लांबरुंद, गावात शिरणाऱ्या रस्त्यावर, सकाळपासून उन्हात. येणारा प्रत्येक माणूस आधी तीच भिंत बघणार. सुवर्णा सगळ्यांसमोर म्हणली, "अक्का, तू मोठी. आधी तू घे."

आता गोठ्याच्या भिंतीचं ऐक. म्हणजे तुला कळंल.

ह्या भिंतीला आतून वर्षानुवर्षं बैल बांधलेले. त्यांचं मूत पायात मुरलेलं. अशा भिंतीला लोणा लागतो. लोणा म्हणजे मातीतलं मीठच म्हण. कोरडी असली की ती भिंत बिलकुल साधी दिसते, हात लावला तरी कळत न्हाई. पण तिच्यावर ओली माती चढवली की आतलं मीठ पाण्याबरोबर वर येतं, आणि काही दिवसांत पोतेरा फुगून पापुद्र्यांनी गळून पडतो. मी नवी नवरी असताना पहिल्या दिवाळीला तीच भिंत पोतेरली होती. सगळी गळाली. मी रडत बसले तेव्हा सासूबाई, देवमाणूस होत्या, शेजारी येऊन बसल्या. "तुझं काही चुकलं न्हाई बाई. हिला लोणा हाये. ही माती धरायची न्हाई," म्हणल्या. पुढं बैल गेले, गोठ्यात पाइप आणि कडबा भरला, सासूबाईही गेल्या. त्या भिंतीचं हे गुपित माहीत असलेली घरात मी एकटी राह्यले.

आणि मी काय म्हणले?

मी म्हणले, "गोठ्याची भिंत तू घे. मोठी हाये, रस्त्यावर हाये. तुझं काम लोकांना दिसलं पाहिजे. मला मागची बस झाली."

असं म्हणले मी. कोणी माझ्या तोंडात घातलं न्हाई. गटातल्या बायांनी माझ्याकडं असं बघितलं की काय सांगू. जावा-जावांत असं कुठं असतं, म्हणल्या. आणि सासरे, ज्यांनी माझ्यासाठी कधी चष्मा मागितला न्हाई, ते पारावर दहा माणसांत म्हणले, "मोठ्या सुनेनं धाकटीला मान दिला. मन लागतं त्याला." मला ते ऐकायला आलं. मला गोड लागलं. हे मी तुला खरं सांगते — पोरीला खड्ड्यात ढकलून वर मोठेपणा घेतला, आणि तो मोठेपणा मला गोड लागला.

ती नंतर विचारायला आल्ती. सिमेंटच्या घरात वाढलेली, तिला पोतेऱ्याचं काय माहीत. "अक्का, भिंतीला आधी काही करावं लागतं का?" इथं तरी बोलायचं होतं. न्हाई बोलले. झाडून घे, पाणी मार, मंग पोतेर, म्हणले. आणि ती निघाली तेव्हा मागून हाक मारून म्हणले, "पाणी चांगलं भरपूर मार बरं."

भरपूर पाण्यानं लोणा जल्दी वर येतो. हे मला माहीत होतं. पहिलं बोलणं तोंडातून निसटलं म्हणशील. हे मागून हाक मारून सांगितलं, त्याला काय म्हणशील?

त्या भिंतीवर तिनं काय काढलं तेही सांगितलं पाहिजे. तिनं माझी बाग काढली.

आमची मोसंबीची बाग होती, ओढ्याच्या वरच्या अंगाला. ती लग्न होऊन यायच्या आधीच गेल्ती. टँकरनं पाणी घालून पाहिलं, पानं वळत गेली, शेवटी मी आणि आमच्या ह्यांनी कुऱ्हाड घेतली. फांद्या मीच डोक्यावर वाहून आणल्या. पुढं कितीतरी दिवस चुलीला मोसंबीचा वास येत होता आणि मला भाकरी गोड लागत नव्हती. हे सगळं सुवर्णानं मला डाळ निवडता निवडता विचारून घेतलं होतं. मी सांगायची, ती फरशीवर कोळशानं रेघा ओढायची. फुलोऱ्याचा वास कसा असायचा विचारायची. आता वास काय काढणार आहेस, म्हणून मी हसले होते. माझं हे कोणी कधी असं ऐकलं नव्हतं.

मी माझी मागची भिंत रंगवत होते — तळं, झाडं, पाखरं, नेहमीचंच — आणि मधूनच चहा घेऊन तिच्याकडं जायचे. चित्र रोज वाढत होतं. वर गारांचं काळं आभाळ, मधी तुटलेली खोडं, ओळीनं. खाली मुळ्या, लांब लांब, पाण्याच्या शोधात जमिनीत उतरलेल्या. आणि एका खोडापाशी एक बाई पाठमोरी बसलेली. पदर डाव्या बाजूला खोचलेला. अख्ख्या घरात डाव्या बाजूला पदर एकटी मीच खोचते.

मी चहाचा कप हातात धरून तिथं उभी राह्यले. माझं दुःख — आणि ते मला काढता आलं नसतं. जन्मभर हत्ती काढले असते मी. माझ्या पाठीवर काय लिहिलंय ते तिला वाचता आलं होतं. तेव्हा मला रडू यायला पाहिजे होतं. मला राग आला. माझी बाग, माझी कुऱ्हाड, माझी पाठ, आणि लोक नाव घेणार हिचं.

"अक्का, कशी झाली?" तिनं खालून विचारलं.

"बरी हाये," म्हणले.

भिंतीच्या पायाशी तेव्हाच पांढरी बुरशीसारखी रेघ दिसायला लागल्ती. बोट लावून चाखली असती तर खारट लागली असती. अजून उत्सवाला अवकाश होता. मागची भिंत तिला देता आली असती, चित्र पुन्हा काढता आलं असतं, तिचा हात भरभर चालायचा. मी ती रेघ बघितली, रिकामा कप उचलला आणि घरी आले.

उत्सवाच्या दिवशी सकाळी गाव कसं दिसत होतं म्हणून सांगू. लुगड्यांच्या पताका, मुखवटे घातलेली पोरं, हलगी वाजत होती. सर आले, मॅडम त्यांना घेऊन थेट गोठ्याच्या भिंतीपाशी गेल्या. सासरे नवं धोतर नेसून, चष्मा आधीच लावून उभे. सुवर्णानं वाटूरहून आणलेली लिंबाच्या रंगाची साडी नेसलेली. सर चित्राकडं बघत राह्यले. दोन पावलं मागं सरले, आणखी बघितलं. मला तिथंच कळलं की त्यांना आवडलं. लई आवडलं.

तेवढ्यात ऊन चढलं आणि बायांची गाणी सुरू झाली, हलगी जवळ आली. खालून एक पापुद्रा पडला. कोणाच्या ध्यानात आलं न्हाई. मंग मुळ्यांचा एक तुकडा पडला. मंग मधली खोडं फुगली आणि ताटाएवढा पोपडा सुटून सरांच्या पायापाशी फुटला. हलगी थांबली. सुवर्णा धावली आणि तिनं दोन्ही तळवे भिंतीला लावले — पडू नये म्हणून. जिथं हात लावला तिथलं राह्यलं, बाजूचं पडत गेलं. ती हात सरकवायची, जिथून काढला तिथलं पडायचं. साडीवर सगळी माती. कोणी तरी म्हणलं, सोड आता बाई. ती सोडीना.

ती पाठमोरी बाई तिच्या डाव्या हाताखाली होती. तेवढीच तिनं शेवटपर्यंत धरली होती.

मी कुठं होते? पाच हातांवर. जागची हलले न्हाई.

तुला वाटंल, हीच माझी चूक. न्हाई. अजून एक आहे, आणि मला वाटतं, तीच मोठी.

सासऱ्यांनी मला विचारलं, सगळ्यांपुढं. पोतेऱ्याचं काही झालं की गावात मला विचारतात. "कमल, हे असं कसं झालं?" सगळे माझ्याकडं बघायला लागले. सुवर्णाही बघायला लागली, हात भिंतीलाच ठेवून, मान वळवून. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी "लोणा" एवढा एक शब्द बोलले असते तर ती सुटली असती. भिंतीचा दोष झाला असता, तिचा न्हाई. सरांनी तर चित्र बघितलंच होतं. मी कशी काय विसरले म्हणून मला दोन शब्द ऐकावे लागले असते, बस.

मी म्हणले, "माती नीट भिजली न्हाई. पोरीनं घाई केली."

सुवर्णानं हात खाली घेतले. म्हणली, "हो. घाईच झाली माझी."

सर माणूस भला. ते म्हणले, चित्र तर छानच होतं. पण तुला माहीत आहे, घरातल्या मोठ्या माणसाला "होतं" ऐकू येत न्हाई, समोरची माती दिसते. सासऱ्यांचा चार लोकांत अपमान झाला असं त्यांना वाटलं. मंग मॅडम सगळ्यांना माझ्या भिंतीकडं घेऊन गेल्या. माझं तळं, माझी पाखरं, एक कण हलला नव्हता. सर म्हणले, हे पक्कं जुनं काम आहे, हे जपलं पाहिजे. उत्सवात शाल-नारळ नव्हता, मानाचं म्हणून रोप द्यायचे. मला लिंबाचं रोप दिलं, कडू लिंबाचं. मी दोन्ही हातांनी घेतलं. टाळ्या वाजल्या. पहिली टाळी कोणी वाजवली? तिनंच. हाताला माती होती, टाळीचा आवाज फुटला न्हाई.

कोर्सचा विषय कोणी काढला न्हाई. एकदा दिरानं जेवताना चाचपून पाहिलं, तर सासरे म्हणले, "ज्यात हात बसत न्हाई त्यात खर्चा कशाला? घरात बघू द्या." सुवर्णानं मान खाली घालून भाजी वाढली. मी तेव्हाही होते तिथं. मला वाढताना तिनं रस्सा जास्त दिला, मला आवडतो म्हणून.

तिनं नंतर चित्र काढलंच न्हाई. मी आधी म्हणायची, काढंल, राग निवला की काढंल. राग होता कुठं तिला? चुलीमागचा खंड्या तिनं एका दिवाळीला पोतेऱ्याखाली घेतला, स्वतःच्या हातानं. मी बघत होते. अडवावं असं वाटलं, तोंड उघडलं, आणि "कोपरा राह्यला बघ," एवढंच निघालं.

आणि मातीचं म्हणशील तर — तेव्हापासून ती माती भिजवते ना, बघवत न्हाई. आम्ही जेवढी भिजवतो त्याच्या दुप्पट दिवस. रोज सकाळी हात घालून बघते, खडा लागला की बोटानं चुरते. मला विचारते, "अक्का, भिजली का बराबर?" पहिल्याच दिवशी भिजलेली असते. मी म्हणते, भिजू दे अजून थोडी. असं म्हणते मी, अजून. दर साली.

त्या लिंबाला आता सावली आहे. दारात आहे. भांडी धुतलेलं पाणी तीच घालते त्याला. बांधावरचीही झाडं जगली, सासऱ्यांनी ठरवल्याप्रमाणं. सासरे दुपारी लिंबाखाली खुर्ची टाकून बसतात आणि आल्यागेल्याला सांगतात, हे आमच्या मोठ्या सुनेला मिळालेलं.

जळणं गेलं का, विचारशील. गेलं असतं तर मी कधीच बोलले असते. आता तिच्याकडं काही न्हाई की ज्याच्यावर जळावं, तरी कोणी नवी बाई तिला "तुम्ही चित्र काढायच्या ना?" विचारते तेव्हा माझे कान तिकडंच असतात. ती "न्हाई हो, ते अक्का," म्हणते, आणि माझ्या जिवाला गार वाटतं. हे असं आहे. माझ्या आतल्या भिंतीला काय लागलंय ते मी ओळखते.

परवा मॅडम घरी आल्त्या. आता त्यांची बदलीची वेळ आली, म्हणून ह्या साली उत्सव पुन्हा करायचा, मोठा करायचा, आजूबाजूची गावं बोलवायची. गोठा पाडून आम्ही तिथं सिमेंटची भिंत घेतली आहे, रस्त्याच्या बाजूला, लांबच लांब. तिच्यावर मातीचा हात देऊन चित्र करायचं म्हणतात. मॅडमनी बाकी कोणाकडं बघितलं न्हाई, सरळ सुवर्णाला म्हणल्या, "ही भिंत तुझी. तुझी ती बाग मला अजून आठवते. पुन्हा काढ."

मी चहा गाळत होते. माझा हात थांबला. तिनं काय उत्तर द्यावं असं मला वाटत होतं, ते मी तुला सांगत न्हाई. तुला कळलंय.

सुवर्णानं नखात अडकलेली माती काढली — घरात पोतेरा चालू होता. मंग हसून म्हणली, "नको मॅडम. माझ्या हाताला यश न्हाई. अक्काला द्या."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. सासऱ्यांनी बघितलं. तिनंही बघितलं, अगदी मनापासून.

मी भिंत घेतली. माती तिनं कालच भिजत घातलीय.